गॅरेजमधली तोफ

पार्सिपनी, न्यू जर्सी
२० ऑक्टोबर १९८६

नंदाताई,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे काही लिहीत नाही. तुम्ही फोन आपटलात तेव्हापासून माझंही डोकं फिरलंय, आणि रागात असताना वाकून नमस्कार करायला मला जमत नाही. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा "हॅलो नंदाताई, मी मृणालिनी" इथपर्यंतच गाडी गेली. शैलेंद्र म्हणतो, "नाद सोड, ताई ऐकायची नाही." तुमच्या भावाला काय, दर सोमवारी बॅग उचलून शिकागोला जायला मिळतं. घरात मी असते.

पत्र तरी फाडायच्या आधी वाचाल म्हणून लिहितेय.

अण्णांचं बरं नाही. फार काही नाही, खाणं थोडं कमी झालंय. पण मनानं ते हल्ली पार्सिपनीत नसतात. खंडेनवमीपासून सकाळचा चहा झाला की गॅरेजमध्ये जाऊन बसतात आणि अंधार पडला की मी हात धरून आत आणते. तिथे तोफ बनवतायत. हसू नका. आधी मीही हसले. घराच्या पन्हळीचा उभा पाइप उपटून त्याची नळी केलीय, बर्फ काढायच्या मशीनची चाकं काढून लावलीयत, मागे दोन फळ्यांचे पाय. आणि दारूगोळा भरायच्या तोंडाला माझ्या कुकरचं झाकण! मी रोज वरण पातेल्यात शिजवतेय. दीपा शाळेतून आली, बघितलं आणि ओरडली, "मॉम, आजोबा बिल्ट अ कॅनन! ही इज सो कूल!" कसलं कूल.

कारण संध्याकाळ झाली की ते त्या तोफेशेजारी बसून रडतात. त्यांना वाटतंय, आपल्या विक्रमला त्यांनी मारलं. रणगाड्यात होता, आणि त्यांच्या तोफेचा गोळा लागून गेला. मी सांगते, "अहो अण्णा, विक्रम ठणठणीत आहे, टेक्सासमध्ये सैन्याच्या छावणीत आहे, परवाच दीपाशी फोनवर बोललाय." ते मान हलवतात. म्हणतात, "सूनबाई, तू चांगली आहेस, माझं मन राखतेस." सकाळी उठतात ते पुन्हा तोफ जोडायला, जसं काल काही झालंच नाही. आणि संध्याकाळी पुन्हा त्याच तोफेनं नातू मारतात. रोज, ताई. रोज मरतो तो या घरात.

हे त्यांनी कुठून डोक्यात घेतलं देव जाणे. खंडेनवमीला काही विशेष झालं नव्हतं.

माझं मागणं एवढंच आहे. विक्रमला एक दिवस पाठवा. त्याला समोर उभा राहिलेला बघितला की हे भूत उतरेल. दीपानं त्याला विचारलं. तो इंग्लिशमध्ये म्हणाला, "मॉमला प्रॉमिस केलंय त्या घरी जाणार नाही म्हणून. ती हो म्हणाली तर येतो." म्हणजे किल्ली तुमच्या हातात. मागच्या गणपतीत अण्णा तुम्हाला जे बोलले ते मी विसरले नाहीये. मी मोदकांचं ताट घेऊन तिथेच उभी होते. पण आता तो हिशोब बाजूला ठेवा.

मृणालिनी


२८ ऑक्टोबर

नंदाताई,

उत्तर नाही. बरं. माझ्याकडे पोस्टाची तिकिटं पुष्कळ आहेत.

काल पोलीस आले होते. समोरच्या मिसेस कोवाल्स्कीनं फोन केला. अण्णांनी तोफ ओढत ड्राइव्हवेवर आणली आणि तोंड तिच्या स्टेशनवॅगनकडे केलं. मी कामावर, दीपा शाळेत. मला ऑफिसात फोन आला तशी मी चाळीस मैलांच्या स्पीडच्या रस्त्यावर साठनं ड्राइव्ह करत आले. बघते तर एक गोरा पोरगेला पोलीस नळीत वाकून बघतोय आणि विचारतोय, "सर, इज दिस अ टेलिस्कोप?" अण्णा टाचा जुळवून ताठ उभे. घरातली लुंगी, वर शैलेंद्रचं पार्का जॅकेट, आणि कडक सलाम! म्हणाले, "अँटी-टँक, सर. रेडी बाय फोर." तो पोरगा इतका गोंधळला की त्यानंही सलाम ठोकला.

मग मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, कुणी तरी दिवसभर लक्ष ठेवायला हवं, नाही तर पुढच्या वेळी मला रिपोर्ट लिहावा लागेल. शैलेंद्र आता नर्सिंग होमची ब्रोशर्स गोळा करतोय. तिथे त्यांना वरण-भात कोण देणार आणि मराठीत कोण बोलणार, असं विचारलं तर ब्रोशरची पानं उलटत राहतो. रडतो पण. बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून. त्याला वाटतं मला ऐकू येत नाही.

तोफेच्या तोंडाशी दीपाच्या दात साफ करायच्या दोऱ्याची फुली बांधलेली आहे, आडवा एक, उभा एक. मी विचारलं, "हे काय अण्णा?" तेव्हा त्यांनी मला मागे बसवलं, कुकरचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "बघ, यातून." नळीतून मिसेस कोवाल्स्कीच्या घराचं दार दिसत होतं, बरोबर फुलीवर. बेचाळीस साली, महायुद्धात, लिबियाच्या वाळवंटात त्यांच्या फौजी वर्कशॉपजवळ तोफा उरल्या नव्हत्या, म्हणाले. माघार घेताना सगळ्या मागे राहिल्या. इटालियन सैन्याच्या पकडलेल्या, मोडक्या तोफांचा ढीग होता, त्यातून यांनी जोडून काढल्या. एकीची नळी, दुसरीचा गाडा, लॉरीची चाकं. नेम धरायची दुर्बीण मात्र एकीलाही धड नव्हती. मग नळीचं मागचं दार उघडायचं, आरपार बघायचं, रणगाडा फुलीवर आला की गोळा घालून दार लावायचं. "फुलीला बारीक, पिळाचा, न तुटणारा दोरा लागतो," म्हणाले. "तिथे कुठून आणणार? गळ्यात होता तो तोडला."

जानवं, ताई. तुम्हाला आठवतं ना, शैलेंद्रच्या मुंजीत गुरुजींनी सांगितलं तरी अण्णांनी जानवं घातलं नाही, आणि आई केवढ्या चिडल्या होत्या ती गोष्ट? आपण सगळे म्हणायचो, अण्णा सुधारक. सुधारक कसले. तो दोरा पुन्हा गळ्यात घालवेना त्यांना.

विक्रमला पाठवा.

मृणालिनी


५ नोव्हेंबर

नंदाताई,

तुमचं कार्ड मिळालं. एवढं सुंदर कार्ड, वर टेक्सासची निळी फुलं, आणि आत एक ओळ. "त्यांनी माफी मागितली का?"

वा! धन्य आहे तुमची. मी दोन पत्रं भरून लिहिते की म्हातारा माणूस रोज संध्याकाळी तुमच्या मुलासाठी छाती पिटतोय, आणि तुम्ही विचारता, माफी मागितली का? नाही मागितली. कुणाची मागणार? तुम्ही कोण, हेच त्यांना चार दिवसांतून एकदा आठवतं. त्या दिवशीही आधी विचारतात, "नंदा शाळेतून आली का?"

हे वरचं रागात लिहिलं. खोडत नाही, पण आता जे लिहिते ते नीट वाचा, कारण मी तुमच्यापासून दोन गोष्टी लपवल्या होत्या.

पहिली. खाणं थोडं कमी झालंय असं लिहिलं होतं ते खोटं. अण्णा सुतक पाळतायत. एक वेळ, अळणी भात चार घास, आणि पाणी. चहासुद्धा बंद केला आता. गादीवर झोपत नाहीत, खाली चटई टाकतात. दिवाळी झाली. मी पणती लावली तर त्यांनी येऊन फुंकर मारली आणि अगदी हळू म्हणाले, "सूनबाई, घरातलं पोर गेलंय गं." अनारसे डब्यात तसेच आहेत. आणि परवा, ताई, मागच्या अंगणात पिकनिक टेबलावर त्यांनी भाताचे गोळे करून मांडले. कुणाच्या नावानं ते मला विचारू नका. मी धावत जाऊन ते उचलले, सिंकमध्ये टाकले, ग्राइंडर चालू केला आणि तिथेच खाली बसले. जिवंत मुलाचं असं केलेलं मी कधी ऐकलं नाही. मी रामरक्षा म्हटली, दीपाला दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणायला लावलं, टेक्सासच्या दिशेनं तोंड करून तुमच्या पोराची दृष्ट काढली. दीपा म्हणाली, "मॉम, टेक्सास इज दॅट वे." मग दुसऱ्या दिशेला परत काढली.

दुसरी गोष्ट. हे कुठून डोक्यात घेतलं देव जाणे, असं लिहिलं होतं. देवाला कशाला मधे घालू, मला ठाऊक आहे. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, तशी मी दरवर्षी इथे पूजा मांडते. शैलेंद्रचा कॅल्क्युलेटर, माझं शिवणाचं मशीन, गाडीची किल्ली, दीपाचं व्हायोलिन. यंदा विक्रमनं दीपाला फोटो पाठवला होता, रणगाड्याच्या झाकणातून अर्धा बाहेर आलेला, हेल्मेट, हसतोय. मला वाटलं, आपल्या घरात खऱ्या हत्यारावर बसणारा एकच, त्याचंही पुजावं. त्याचं रक्षण व्हावं म्हणून, ताई, दुसरं काही नाही. फोटोला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि शेल्फवर जागा नव्हती म्हणून आईंच्या फोटोशेजारी ठेवला.

अण्णा अंघोळ करून आले. आईंचा हार घातलेला फोटो, त्याच्या शेजारी विक्रमचा हार घातलेला फोटो, रणगाड्यात. ते बघत राहिले. मला म्हणाले, "कधी?" मी मोदकपात्र की काय शोधत होते, लक्ष नव्हतं. मला वाटलं पूजा कधी म्हणून विचारतायत. मी म्हटलं, "झाली की अण्णा, सकाळीच." ते तिथेच भिंतीला धरून खाली बसले.

झालं. आपल्याकडे हार घातलेला फोटो म्हणजे काय, हे पाच वर्षांच्या पोराला कळतं, आणि मी पंचेचाळीस वर्षांची घोडी, मला कळलं नाही. नंतर हार काढला, फोटो दाखवला, शपथा घेतल्या. उपयोग शून्य. त्यांना वाटतं मी लपवतेय.

डॉक्टर म्हणतात हृदय अशक्त झालंय, आणि न खाता राहिले तर हॉस्पिटलात नळी घालावी लागेल. अण्णा ती उपटून टाकतील. मग हात बांधतील. मला ते बघायचं नाहीये.

माझ्यावर राग काढा. माझीच चूक आहे. पण पोराला पाठवा, त्यांच्यासाठी नाही तर माझ्यासाठी. तुमच्या पाया पडते.

मृणालिनी


१५ नोव्हेंबर

नंदाताई,

आज शनिवार. शैलेंद्र घरी होता तरी मी गॅरेजमध्ये बसले. हल्ली त्यांना काम करायला दम उरला नाहीये. स्टुलावर बसतात आणि मला सांगतात, हे पकड, ते फिरव. मी पकडते, फिरवते. त्यात त्यांचं मन शांत असतं. आज बोलले. मधे मधे थांबून, कधी मराठीत, कधी फौजेतल्या हिंदीत. मी जुळवून लिहितेय. हे त्यांनी आईंनाही सांगितलं नसावं.

त्या तोफेवर कुणाचा भरवसा नव्हता. तोफखान्याची माणसं म्हणाली, ज्यानं बनवली त्यानंच उडवावी. म्हणून अण्णा फिटर असून तोफेमागे बसले. आले इटालियन रणगाडे. त्यांनी दार उघडून नळीतून बघितलं, फुलीवर एक घेतला, गोळा घालून दार लावलं आणि उडवला. इटालियनांच्याच तोफेची नळी, त्यांचाच गोळा. लागला. रणगाडा थांबला. सगळ्यांनी अण्णांना खांद्यावर घेतलं, म्हणे. अण्णांनाही आनंद झाला. "खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला," म्हणाले.

मग साहेबानं हुकूम दिला, जा आणि त्या रणगाड्यातून जे मिळेल ते काढून आण. वर्कशॉपचं ते कामच. अण्णांना दुर्बीण हवी होती. दोऱ्याच्या फुलीवर किती दिवस भागवणार? ते पाना घेऊन वरच्या झाकणातून आत उतरले.

आत तिघं होते. दोघांचं संपलं होतं. तिसरा, अगदी पोर, विशीचा असेल नसेल, तो जिवंत होता. कमरेखाली काय होतं ते अण्णांनी सांगितलं, मी लिहिणार नाही. त्याच्या गळ्यात दोरा होता, त्यात त्यांच्या मेरीमातेचा छोटा बिल्ला. तो अण्णांकडे बघून "मम्मा, मम्मा" म्हणत होता. बाहेरून साहेब ओरडत होता, लवकर कर, दुसरे येतायत. आणि अण्णांच्या डोळ्यांसमोर ती दुर्बीण होती. नवी कोरी, काचेला ओरखडाही नाही.

"आधी मी दुर्बीण काढली," म्हणाले. "चार बोल्ट होते. एक गंजलेला. पोरगं मागे माझी पँट धरून होतं. मी म्हटलं, थांब रे, थांब. बोल्ट निघाला. दुर्बीण वर दिली. मग त्याच्याकडे वळलो."

ताई, ते एवढंच बोलले आणि हातातला पाना पुसत राहिले.

आता मागचा गणपती आठवा. विक्रम उठून म्हणाला, "गाइज, आय एनलिस्टेड. आर्मर. टँक्स!" आपण सगळे गोंधळलो, कुणी टाळ्या वाजवल्या. आणि अण्णा तुमच्यावर धावून गेले. म्हणाले, "पोराला डब्यात घालून पाठवतेस? खरवडून काढावं लागेल त्याला! तू आई आहेस की कोण?" मोहनराव गेल्यावर एकटीनं वाढवलेला मुलगा तुमचा, आणि वीस माणसांसमोर असं बोलणं. तुम्ही त्याचा हात धरून निघालात, "माफी मागाल तेव्हाच तोंड बघेन," म्हणालात. मला तेव्हा वाटलं होतं, बरोबर केलं ताईंनी. आजही वाटतं. पण ते शिवी देत नव्हते, ताई. त्यांनी बघितलेलं सांगत होते, आणि नीट सांगता येत नव्हतं.

रोज संध्याकाळी जो मरतो तो विक्रम आहे की ते दुसरं पोर, हे आता त्यांना वेगळं करता येत नाही. मला वाटतं दोघं एकच झालेत. आणि तो फोटो मी हार घालून त्यांच्यासमोर ठेवला.

थँक्सगिव्हिंगला विक्रमला सुट्टी असेल ना? मी आता विनवणी करत नाही. थकले. आज ते दोन घास जेवले, उद्याचं माहीत नाही. नर्सिंग होमनं डिसेंबरची तारीख दिलीय. शैलेंद्रनं सही केलेली नाही, पण पेन काढून ठेवलंय.

तुमची
मृणालिनी


३० नोव्हेंबर

नंदाताई,

आत्ताच शैलेंद्र विक्रमला नेवार्कला सोडायला गेला. घरात शांत आहे. अण्णा झोपलेत, गादीवर. मी लगेच लिहायला बसले, कारण तो पोचल्यावर तुम्हाला इंग्लिशमध्ये काय सांगेल आणि काय गाळेल कोण जाणे.

गुरुवारी दुपारी बेल वाजली नाही. मी टर्की-बिर्की काही केलं नव्हतं, घरात सुतक, काय करणार, साधी खिचडी लावली होती. अण्णा गॅरेजमध्ये, दार वर केलेलं, तोफेमागे स्टुलावर. मी त्यांच्या खांद्यावर शाल घालत होते. ते नळीतून बघत होते. एकदम ताठ झाले आणि ओरडले, "गोळा नको! गोळा नको! थांबा, पोर आहे!" मी बाहेर बघितलं तर ड्राइव्हवेवर विक्रम. खांद्यावर हिरवी बॅग, डोकं भादरलेलं, हात हलवतोय.

मी इतके दिवस ठरवलं होतं, तो आला की अण्णांना म्हणायचं, बघा, हा विक्रम, हा जिवंत. शाल तशीच हातात राहिली. तो आला, वाकला, "हाय आजोबा," म्हणाला. अण्णा स्टुलावरून उतरायला गेले आणि पाय गेले त्यांचे. विक्रमनं धरलं, तसाच जमिनीवर बसला, त्यांना मांडीवर घेऊन. अण्णांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग गळ्याशी बोटं नेली आणि शर्टाच्या आतून ती सैन्याची साखळी बाहेर काढली, दोन पत्र्यांची. ते बिल्ले मुठीत धरले आणि म्हणाले, "अजून आहे तुझ्या गळ्यात?"

ताई, त्यांनी विक्रमला ओळखलं नाही. त्या दुसऱ्याला ओळखलं.

मला ते त्याच क्षणी कळलं आणि मी सांगणार होते की अण्णा, हा तो नव्हे. तेवढ्यात विक्रमनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको. त्याला सगळं माहीत होतं. माझं शेवटचं पत्र तुम्ही त्याला फोनवर वाचून दाखवलंत म्हणे, एकेक वाक्य इंग्लिश करून. मधे थांबलात, मग फोन खाली ठेवलात, मग परत उचललात. हे तुम्ही मला कधी सांगितलं नसतं. त्यानं सांगितलं.

अण्णा विचारत होते, "लागलं का रे? फार लागलं का?" आणि तुमचा मुलगा, ज्याला धड "पाणी दे" म्हणता येत नाही, तो म्हणाला, "नाही. मला लागला नाही. मी बरा आहे."

"मी आधी दुर्बीण काढली," अण्णा म्हणाले.

"इट्स ओके," विक्रम म्हणाला. "ओके आहे. मी थांबलो."

मग ते रडले. इतके दिवस रडत होते तसं नाही. लहान मूल रडून रडून दमतं आणि शेवटी झोपेला येतं, तसं. दीपा दारात उभी राहून रडत होती, शैलेंद्र तर तिथून निघूनच गेला. थोड्या वेळानं अण्णा उठले, कात्री मागितली आणि नळीच्या तोंडाचे ते दोन दोरे कापून टाकले. विक्रमनं कुकरचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "मामी, आय थिंक दिस इज युअर्स." हसू आणि रडू एकदम येतं म्हणतात ना, तसं झालं माझं.

आत येऊन जेवले. खिचडी, वर तूप, लोणचं मागितलं. पोराला शेजारी बसवून आधी त्याला वाढायला लावलं. तिन्ही रात्री तो त्यांच्याजवळ झोपला, खाली चटईवर. चार दिवसांत एकदाही त्यांनी त्याला विक्रम म्हणून हाक मारली नाही. पोरा, पोरा. त्यानंही दुरुस्त केलं नाही. निघताना पाया पडला तर अण्णा म्हणाले, "परत त्या डब्यात बसू नको." तो म्हणाला, "आय हॅव टू, आजोबा." अण्णांना इंग्लिश कळतं. त्यांनी फक्त साखळी त्याच्या शर्टाच्या आत सारून वरचं बटण लावलं.

आता मुद्द्याचं. मी खुशखबर लिहायला बसलेली नाही. डॉक्टर काल येऊन गेले. हृदय आता थोडेच दिवस ओढेल म्हणाले, खाल्लं तरी आणि न खाल्लं तरी. नर्सिंग होम कॅन्सल केलं. ते इथेच राहतील, जेवढे असतील तेवढे.

आणि परवापासून अण्णांचं एकच चाललंय. पोरगं "मम्मा, मम्मा" म्हणत होतं, म्हणजे त्याची आई आहे. तिला बोलवा. मला तिच्याशी बोलायचंय. विक्रमला विचारलं, "कुठे असते तुझी आई?" तो बिचारा म्हणाला, "टेक्सास." अण्णा म्हणाले, "लांब आहे का?" तो म्हणाला, "लांब आहे." "मग आत्ताच निघायला सांग," म्हणाले. "मला तिची माफी मागायचीय. तिच्या पोराला मी थांब म्हटलं, ते तिला माझ्याकडून कळायला हवं."

कार्डावर तुम्ही विचारलं होतंत, त्यांनी माफी मागितली का. मागतायत, ताई. सकाळी उठून दाढी करून, धुतलेला सदरा घालून, दाराकडे तोंड करून बसतात. गाडीचा आवाज आला की उठायला बघतात. मिसेस कोवाल्स्की केक घेऊन आली तर तिलाच हात जोडून "मम्मा?" म्हणाले. ती घाबरली, मग तीही त्यांचा हात धरून बसली. पण ती काय त्या पोराची आई नव्हे.

खोटी आशा लावत नाही. तुम्हाला ते ओळखणार नाहीत. तुम्ही "अण्णा, मी नंदा" म्हणालात तर गोंधळतील, म्हणतील नंदा शाळेत गेलीय. तेव्हा दारातून आत आलात की काही सांगू नका. रणगाड्यातल्या मुलाची आई म्हणून या. त्यात तुम्हाला खोटं काही बोलावं लागणार नाही, तुम्ही आहातच.

ते हात जोडतील. तुम्हाला जे ऐकायचं होतं ते म्हणतील. पुढे काय बोलायचं ते मी सांगत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

कुठलीही फ्लाइट घ्या, मी नेवार्कला येते. लाल कोट घालून दाराशी उभी असेन. उद्या निघा, ताई.

मृणालिनी